सर्वपित्रीला जेवायला आलेले सर

आमच्या बाबांना हळू बोलता येत नसे. चिखलीच्या जिनिंगमध्ये त्यांनी वीस-बावीस हंगाम काढले होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या रांगेत दिवसभर उभं राहायचं, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलायचं, आणि संध्याकाळी तीच सवय घरी घेऊन यायचं. कान पूर्ण गेले नव्हते, पण आपला आवाज किती मोठा निघतो याचा अंदाज गेला होता. मायच्या कानाशी लागून ते काही सांगायचे तेव्हा समोरच्या ओट्यावरही ऐकू जायचं. मनातल्या मनात देवाचं नाव घेताना त्यांचे ओठ हलायचे आणि सोबत आवाजही यायचा, हे त्यांना स्वतःला कधी कळलं नाही. "तुह्या बाबाच्या पोटातली गोष्ट बी गावाले आयकू येते व," असं माय म्हणायची आणि हसायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या आवाजामुळे झालं, असं गावात पुष्कळ दिवस बोललं गेलं. मला तसं वाटत नाही. ते माझ्यामुळे झालं, आणि म्हणूनच हे लिहायला माझी पन्नाशी जवळ यावी लागली.

आमचं घर दोन खोल्यांचं होतं, वर पत्रे, पुढे ओसरी. चिखलीहून येणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीप फाट्यावर थांबायच्या आणि फाटा घरापासून हाकेच्या अंतरावर होता. जीप थांबल्याचा आवाज आला की मायचे हात थांबायचे. तव्यावर भाकर असली तर ती करपायची. कोण उतरलं ते पाहायला ती बाहेर येत नसे. नुसती कान देऊन बसायची आणि पावलं दुसऱ्या गल्लीला वळली की पुन्हा पीठ मळायला लागायची. माझा मोठा भाऊ गजानन, आमचा गजू, बारावीत नापास झाला त्या वर्षी सुरतला गेला होता. शेगावहून रेल्वेत बसला. सोबत गावातलेच दोघं होते. ते दोघं दिवाळीला परत आले, गजू आला नाही. रफीकचाचांच्या किराणा दुकानात फोन होता, त्यावर त्याचे दोन फोन आले. दुसऱ्या वेळी म्हणाला, कारखाना बदलून राह्यलो, नवीन ठिकाणी गेलो की कळवतो. त्यानंतर काहीच कळलं नाही. बाबा एकदा सुरतला जाऊन शोधून आले. मी सांगते आहे त्या वर्षी या सगळ्याला आठ वर्षं झाली होती. मधल्या काळात रफीकचाचांनी मोबाइल घेतला आणि दुकानातला तो जुना फोन काढून टाकायचं ठरवलं, तेव्हा माय दुकानात जाऊन उभी राहिली. "रफीकभाऊ, त्याच्याजोळ एवढाच नंबर हाये," एवढंच बोलली. चाचांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मी तेव्हा चिखलीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. तिथे मी नेमकं काय शिकते हे घरात कुणाला सांगता येत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही धड सांगता आलं नसतं. वर्गात मी तोंड उघडत नसे, कारण तोंडातून 'मले' निघेल अशी भीती वाटायची. भूगोलाला मोकाशी सर होते. पुण्याकडचे, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, तासिका तत्त्वावर नेमलेले. त्यांचं ते स्वच्छ 'तुम्हांला कळतंय का?' मागच्या बाकावरची पोरं हुबेहूब करून दाखवायची. एकदा तास संपल्यावर भिंतीवरच्या नकाशावर मी चिखलीपासून सुरतेपर्यंत बोटं ठेवून पाहत होते. चार बोटं भरली. सर मागे उभे होते हे मला ठाऊक नव्हतं. "तिकडे कोण आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "भाऊ आहे. कारखान्यात आहे." आमच्या घरात 'आहे' असंच म्हणायची पद्धत होती. नंतर एकदा मी त्यांना खरं काय ते थोडक्यात सांगितलं. त्यांनी काही सल्ला दिला नाही, नुसतं ऐकून घेतलं, ते मला फार बरं वाटलं.

त्याच सरांनी मला अमरावतीचं सांगितलं. एम.ए. कर, तिथे मुलींचं वसतिगृह आहे, तुझे गुण पुरेसे आहेत, म्हणाले. मी दोन दिवस जेवले नाही इतका आनंद झाला आणि तितकीच धास्ती वाटली. कारण घरात दिवाळीनंतर माझ्यासाठी स्थळं पाहायचं ठरत होतं आणि एकदा पाहुणे येऊ लागले की अमरावती संपली, हे मला कळत होतं. "मी बोलू का तुझ्या वडिलांशी?" सरांनी विचारलं. मी घरी बाबांना सांगितलं, सर भेटायला येतो म्हणतात. बाबांनी विषय ओळखला. "एक पोरगं धाडलं बाहेर," ते म्हणाले. "त्याचं अजून मिटलं नाई. दुसरं कसं धाडू?"

मिटलं नाही म्हणजे काय, ते सांगायला हवं. पितृपक्षात आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणूस जेवायला बसवतात. त्यालाच पितर म्हणतात. गेलेला म्हातारा असेल तर गावातला म्हातारा बोलवायचा, बाई असेल तर बाई, तरणा असेल तर त्याच वयाचा तरणा. त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, गंध लावायचं, टॉवेल-टोपी द्यायची. तेवढा वेळ तो माणूस तो नसतो. त्याच्या तोंडातून घास गेलेल्याला पोचतो. ज्याची तिथीच माहीत नाही, त्याचं पान सर्वपित्री अमावस्येला वाढतात. शेजारचे नामदेवआबा बाबांना वर्षभर सांगत होते, की पोराला घास नाही म्हणून तुझ्या घरातलं काहीच पुढे सरकत नाही. पण गजूसाठी पाटावर बसायला कोण येणार? म्हाताऱ्यासाठी म्हातारे हसत येतात. तरण्याच्या पानावर बसलेला त्याच्या मागोमाग जातो म्हणतात, म्हणून तिथे आपला तरणा पोरगा बसवायला कोणतीही आई तयार होत नाही. आणि मायसमोर तर हे बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

सोयाबीन काढणं चालू होतं त्या शेताकडे बाबांनी मला नेलं. तिथे थ्रेशर चालू होतं. त्या आवाजात आपलं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही, एवढा विचार त्यांनी केला होता.

"तुह्या सराचं वय काय?"

"सत्तावीस-अठ्ठावीस असंन."

"लगन?"

"नाई झालं."

बाबांनी खांद्यावरचा भुसा झटकला. "गजू बी सत्तावीसचाच झाला असता," ते म्हणाले. 'असता' हा शब्द गजूसाठी मी पहिल्यांदा ऐकला. "सर्वपित्रीले बोलाव त्यायले. एकदा गजूचं पान होऊ दे. मंग मी अमरावतीले नाई म्हणत नाई."

"आन् माय?"

"तिले एवढंच सांग, सर जेवाले येऊन राह्यले."

"सरायले?"

"त्यायले काऊन सांगाचं? जेवणच तर हाये."

मी 'हाव' म्हणाले. मला कुणी धमकावलं नव्हतं, हात पिरगाळला नव्हता. नाही म्हणायला तिथे पूर्ण जागा होती. परतताना मी अमरावतीच्या वसतिगृहाची खोली कशी असेल याचा विचार करत होते, हे मला स्पष्ट आठवतं. ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

अमावस्येच्या दिवशी माय पहाटेपासून चुलीपुढे होती. तिला वाटत होतं की आबा नेहमीप्रमाणे माझ्या आजोबांचे पितर म्हणून बसतील आणि त्यांच्या पंगतीला सर पाहुणे म्हणून जेवतील. तिला सरांचं फार अप्रूप होतं. नवा उडीद घरात आला होता. रात्री भिजवलेली डाळ तिनं पाट्यावर वाटली, ओल्या फडक्यावर वडे थापले आणि प्रत्येकाच्या मध्ये बोटानं भोक पाडून एकेक अलगद तेलात सोडला. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानांची भजी, गवारीच्या शेंगा, कोहळ्याची भाजी, तांदळाची खीर, ताकाची कढी. कढीला फोडणी दिली तेव्हा लसणाचा आणि जिऱ्याचा वास पत्र्याखाली कोंडून राहिला. "पुण्याच्या माणसाले आपलं तिखट झेपंन काय व?" तिनं मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा उत्तराची वाट न पाहता भाजीत थोडं पाणी वाढवलं. मी पोळ्या लाटत होते. माझी त्या दिवशी एकही पोळी गोल आली नाही. "कुठी ध्यान हाये तुह्यं?" माय म्हणाली. ओसरीत बाबांची पिशवी खुंटीला होती. तिच्यातला एक टॉवेल आणि एक टोपी मायला माहीत होती. दुसरा टॉवेल आणि दुसरी टोपी त्याखाली घडी करून ठेवलेली होती, ती मला माहीत होती.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा फाट्यावर जीप थांबली. मायचा झारा कढईवर थांबला. मी तिच्याकडे पाहत होते. पावलं आमच्या गल्लीत वळली, जवळ आली, आमच्या ओट्यापाशी थांबली. घरची माणसं सोडली तर आठ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. माय पिठाच्या हातांनी उठून दारात गेली. सर पांढरा शर्ट घालून उभे होते, हातात केळ्यांची पिशवी. "नमस्कार काकू," ते म्हणाले. मायनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "या, या. उनात आले तुमी," आणि मागे वळताना पदरानं तोंड पुसलं.

नामदेवआबा आधीच ओसरीत बसले होते. पितृपक्षात आबांना फार मागणी असे. "शोभे, खीर कमी वाढजो व," ते मला म्हणाले. "तिसरं घर हाये माह्यं. सकाळपासून दोन घरचा बाप होऊन आलो, आता तुहा आजा होतो."

सर हसले. "म्हणजे? हे समजलं नाही मला."

"तुमच्याकडं पितर नाई जेवू घालत काय, सर?"

"श्राद्ध असतं. गुरुजी येतात. असं कुणी..."

"आबा, पाय पुढं करा," मी मध्येच म्हणाले आणि तांब्या उचलला. आबांचे पाय धुतले. मग सरांच्या पायाशी बसले तेव्हा त्यांनी घाईनं पाय मागे घेतले. "अगं शोभा, हे काय?"

"आमच्याकडे पाहुण्यांचे धुतात," मी म्हणाले. कॉलेजात वापरायची ती भाषा त्या वेळी माझ्या तोंडातून अगदी सहज आली. सरांचा एक अंगठा बुटानं सोलला होता. पाणी लागल्यावर त्यांनी पाय किंचित आखडला. त्या पायांवर पाणी घालताना पहिल्यांदा मला भीती वाटली, की हे खरं असेल तर?

बाबांनी दोघांना शेजारी शेजारी पाटांवर बसवलं. दोघांना गंध लावलं, दोघांच्या मांडीवर टॉवेल-टोपी ठेवली. सर संकोचून 'कशाला, कशाला' म्हणत होते. मी ताटं आणून ठेवली. माय आत कढी गरम करत होती, तिनं यातलं काही पाहिलं नव्हतं. बाबांनी हातावर पाणी घेतलं, ताटांभोवती सोडलं आणि म्हणाले, "माह्या बाच्या नावानं. घ्या आबा. घ्या सर, सुरू करा." आबांनी वडा मोडला. सरांनीही त्यांचं पाहून वड्याचा तुकडा खिरीत बुडवला आणि तोंडात घातला. मग बाबांनी डोळे मिटले, हात जोडले आणि मनातल्या मनात म्हणाले, म्हणजे त्यांना वाटलं की मनातल्या मनात:

"गजू, जेव बापा. पोटभर जेव. आता भटकू नको."

समोरच्या ओट्यावरच्या बायकांनी माना वळवल्या. सरांचं चावणं थांबलं. गजू कोण हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मांडीवरच्या टोपीकडे पाहिलं, मग शेजारी आबांच्या टोपीकडे, मग माझ्याकडे. मधल्या दारात माय कढीचा गंज दोन्ही हातांनी धरून उभी होती. गरम गंजाचे चटके तिला कळत नसावेत. तिनं तो सावकाश खाली ठेवला, एक थेंबही सांडला नाही. सरांपुढे वाकून तिनं त्यांचं ताट उचललं.

"उठा सर," ती म्हणाली.

"अवं वेडी झाली काय?" आबा म्हणाले. "पानावरून माणूस उठवत असतेत काय?"

"हे पान कोनाचं हाये, आबा? माह्या लेकराचं पान नाई होत. तो जित्ता हाये."

"आठ वर्सं झाले!" बाबा म्हणाले. त्यांचा नेहमीचाच आवाज, पण त्या वेळी तो पत्र्यावर आदळल्यासारखा वाटला. "मी सुरत पालथी घालून आलो!"

"तीन दिवस गेलते तुमी. तीन दिवसांत सुरत पाह्यली?"

 बाबांनी माझ्याकडे हात केला. "तिले धाडाचं हाये न अमरावतीले? एकाचं मिटवल्याबिगर दुसरं कसं धाडू मी? इचार तिले. तिले मालूम हाये सारं."

मायनं माझ्याकडे पाहिलं. ताट अजून तिच्या हातात होतं. "तुले मालूम होतं?"

मी पाटाशेजारचा तांब्या उगाच सरळ करून ठेवला. तिला तेवढ्यावरून कळलं.

सर उभे राहिले होते, खरकटा हात शरीरापासून दूर धरून. "काकू, माझं काही... मला चालेल, मी बसतो," असं काहीतरी ते म्हणाले. त्यांना वाटलं असावं की त्यांचा अपमान झाला म्हणून माय रागावली आहे. मायनं ताट भिंतीशी ठेवलं, त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाली, "उपाशी नाई जायाचं. आत या. भाकर टाकते." एवढा स्वयंपाक समोर असताना तिनं परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. सरांना पाटावर नाही, चुलीपाशी नुसत्या जमिनीवर बसवलं, त्यांच्या कपाळावरचं गंध आपल्या पदरानं पुसून काढलं आणि गरम भाकरीवर तेल-तिखट घालून दिलं. "पाहुणे म्हणून जेवा," ती म्हणाली. सर खाली मान घालून जेवले. डोळ्यांत तिखटानं पाणी आलं होतं की कशानं, मी विचारू शकत नव्हते. बाहेर आबा एकटेच पाटावर होते. त्यांना उठता येईना. आजोबा उपाशी राहिले असते. म्हणून ते बिचारे वडा, खीर, भजी सगळं गुमान खात राहिले आणि ओसरीत त्यांच्या चावण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

भिंतीशी ठेवलेल्या ताटाचं काय करायचं हे कुणालाच समजेना. गाईला घालावं तर ते पितराचं ठरलं असतं, टाकावं तर अन्नाचा अपमान. मायनं त्याला हात लावला नाही. मी सरांना सोडायला निघाले तेव्हा बाबांनी ते ताट ओढून घेतलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि गार झालेले वडे एकेक करून खात होते. त्या माणसाला मी रडताना कधी पाहिलं नाही, तेव्हाही पाहिलं नाही. पाठच दिसत होती.

फाट्यावर जीप यायला वेळ होता. बाभळीच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. बराच वेळ सर सोललेल्या अंगठ्यावरचा बूट सैल करत होते.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो सर."

"मला सांगायचं होतंस." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "सांगितलं असतंस तर बसलो असतो मी. पण मग ते मला ठरवायचं होतं ना, शोभा."

जीप आली. मागच्या पायरीवर दोघं लोंबकळत होते, त्यांनी सरांना आत घेतलं. अमरावतीविषयी कुणी अक्षर काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय माझ्याशी बोलली. मला वाटलं होतं ती महिनाभर बोलणार नाही. तिनं एवढंच विचारलं, "सरानं घास गिळला होता काय?"

मला प्रश्न समजायला थोडा वेळ लागला. मग मी म्हणाले, "मी नाई पाह्यलं."

"इचार त्यायले."

पण सर कॉलेजात नव्हते. त्यांच्या वर्गाच्या दारावर कागद चिकटवला होता, की तास होणार नाही. दुसऱ्या दिवशीही तोच कागद. शिपाईकाका म्हणाले, ताप आलाय म्हणतात. मी वाचनालयात जाऊन बसले आणि समोर पुस्तक उघडून ठेवलं. ताप सगळ्यांनाच येतो, त्या दिवसांत गावोगाव ताप होता, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं. पण ते सत्तावीसचे होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि मी त्यांचे पाय धुऊन त्यांना त्या पाटावर बसवलं होतं. मी भूगोल शिकत होते. वारे का वाहतात, भरती का येते, हे मला लिहिता येत होतं. त्यातलं काहीच त्या दिवसांत माझ्या उपयोगी पडलं नाही. आणि रोज घरी आले की माय चुलीपुढून विचारायची, "इचारलं?" मी म्हणायचे, "सर आले नाईत." ती मान हलवायची. जीप थांबल्यावर तिचा हात त्या दिवसांत थांबत नव्हता. ते मला सगळ्यात असह्य होतं.

नवव्या दिवशी सर आले. गालफडं बसलेली, शर्ट सैल. जिन्याखाली मी त्यांना गाठलं. बरं आहे का, हेही विचारलं नाही. "सर, तुम्ही त्या दिवशी घास... तो पहिला घास गिळला होता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग येईल असं मला वाटलं. पण मला वाटतं, तापात पडल्या पडल्या त्यांनीही याचा विचार केला असावा. "तुझ्या आईनं विचारलंय?"

"हो."

"त्यांना काय ऐकायचंय?"

"नाही, असं."

"मग नाही," सर म्हणाले. "तोंडात होता. नंतर मोरीत थुंकलो. असं सांग."

सर ते वर्ष संपल्यावर निघून गेले. त्यांनी माझा अमरावतीचा अर्ज भरून दिला, शिफारसपत्र दिलं, जाताना शुभेच्छाही दिल्या. पण आमच्यात पुन्हा तसं बोलणं झालं नाही. आता फोनमध्ये कुणाचंही नाव टाकलं की माणूस सापडतो. माझ्या शाळेतल्या मुली मला शिकवतात, मॅडम, असं शोधा. मी कितीतरी वेळा 'मोकाशी' एवढं लिहिलं आहे आणि पुसलं आहे. ते पन्नाशी ओलांडून कुठेतरी पोरांना नकाशा दाखवत असतील. नसतील तर मला ते कळायला नको आहे. गजूचं नावही मी असंच लिहिते आणि पुसते. माय-बाबा दोघंही गेले. त्यांची पानं मी दर वर्षी वाढते. गजूचं वाढायचं की नाही हे ठरवायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि मी ठरवत नाही.

सर जिन्याखाली भेटले त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा माय ओसरीत उडीद पाखडत होती. बाबा बाजेवर होते. मी चपला काढायच्या आधीच म्हणाले, "नाई गिळला. सर म्हणले, मोरीत थुकलो."

मायचं सूप थांबलं. "सर म्हणले?"

"हाव."

"त्यायच्या तोंडानं म्हणले?"

"हाव, माय."

तिनं सुपातले चार खडे वेचून बाहेर टाकले. मग बाबांकडे वळून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आयकलं काय? पोचला नाई घास. माह्यं पोरगं जित्तं हाये. एक गेला तो जित्ता हाये, मंग हिले धाडाले काय भेव? जाऊ द्या तिले अमरावतीले."  बाबा बाजेवर कुशीला वळले. फाट्यावर जीप थांबली आणि मायनं मान वर करून कान दिला.

मी आत जाऊन पाणी प्याले.  मला अमरावती मिळाली होती. आणि मी पाहिलं होतं. बाबांचे शब्द संपले, सरांचं चावणं थांबलं, आणि मग घाबरलेला माणूस गिळतो तसा त्यांनी एकदम तो घास गिळला. त्यांच्या गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली ती मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाहून पाहिली. माय त्या वेळी कढीचा गंज धरून त्यांच्या अगदी समोर उभी होती. माझ्यापेक्षा खूप जवळ.